दावा निकाली, जमीन सामाईकच

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

शेतजमिनीच्या वाटणीपत्राला आता नोंदणी फी लागत नाही तरी शेतकरी वाटणी करून घेत नाहीत, भाऊभाऊ कोर्टात जाऊन बसतात, अशा अर्थाचा लेख मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचला. माहिती बरोबर आहे. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ही फी माफ केली, त्याआधी एक टक्का आणि जास्तीत जास्त तीस हजार भरावे लागायचे, सगळं मान्य. पण लेख वाचताना सारखं वाटत होतं की लिहिणाऱ्याने वाटपाचा दावा आतून बघितलेला नाही. मी बघितलाय, अजून बघतेय. माझं माहेर सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात, नाव गाव देत नाही कारण दोन्हीकडची माणसं तुमचा पेपर वाचतात आणि मला अजून भाऊबीजेला जायचंय.

तीस हजार वाचले म्हणून वाटणी होते असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी एक साधी गोष्ट बघावी, वाटणीपत्र करायला ७/१२ वरच्या सगळ्यांच्या सह्या लागतात. सगळ्यांच्या. तहसीलदाराकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली अर्ज करून वाटप मागितलं तरी तिथंही कुणीतरी एकाने उठून मालकीबद्दल हरकत घेतली की साहेब म्हणणार, जा दिवाणी कोर्टात. तेव्हा फी माफीचा फायदा कुणाला, तर ज्यांचं आधीच पटतंय त्यांना. ज्यांचं पटतं ते तीस हजारासाठी अडून बसले नव्हते हो, निदान आमच्याकडे तरी नाही, ते चौघांत बसून बांध घालून मोकळे झालेत आणि कागद करायचा कंटाळा करतात, त्या कंटाळ्यातूनच पुढच्या पिढीचे दावे जन्माला येतात हे मात्र खरं.

आमचंच सांगते. आजोबांची आठ एकर. मुलं दोन, माझे वडील आणि चुलते. ७२ च्या दुष्काळानंतर दोघांनी तोंडी वाटणी केली, गावातली दोन जुनी माणसं बसवली होती म्हणे, वडिलांनी ओढ्याकडची काळी जमीन घेतली आणि चुलत्यांनी वरचा माळ. त्या काळात सगळे चुलत्यांना म्हणायचे तुम्हाला फसवलं, माळाला कुसळं सुद्धा नीट येत नाहीत. कागद काहीच नाही, ७/१२ वर आजोबा गेल्यावर दोघांची नावं लागली ती तशीच एकाखाली एक, क्षेत्र सामाईक. तीसेक वर्षं कुणाचं काही अडलं नाही. मग म्हैसाळ योजनेचं पाणी आलं, चुलतभावांनी बँकेचं कर्ज काढून माळावर द्राक्षबाग लावली, पुढं रत्नागिरी-नागपूर हायवे त्याच माळाच्या अंगाने जाणार असं ऐकू यायला लागलं आणि जो माळ कुणी फुकट घेत नव्हतं त्याचा भाव गुंठ्यावर बोलायला लागले. आणि माझ्या सख्ख्या भावांना २०१० साली अचानक आठवलं की आपली वाटणी झालेलीच नाही, ७/१२ बघा की, सामाईकच आहे.

हे लिहिताना मला बरं वाटत नाही पण खरं ते खरं. माझ्या भावांनी दावा लावला तो काही न्यायासाठी नव्हता, हायवेसाठी होता. (हायवे तेव्हा झाला नव्हता पण गावात कुजबूज सुरू झाली होती.) पण कायद्याने त्यांचं चुकलं असंही म्हणता येईना, कारण वेगवेगळी वहिवाट आहे, पीकपाण्याला वेगवेगळी नावं आहेत, एवढ्यावरून वाटप झालं असं कोर्ट मानत नाही, सोयीसाठी वेगळं कसतात म्हणून सोडून देतं. चुलतभाऊ बिचारे म्हाताऱ्या साक्षीदाराला रिक्षाने कोर्टात घेऊन आले, त्याला तारीख आठवेना, कुठला बांध कुणाचा तेही वकिलाने उलटं सुलटं विचारल्यावर सांगता येईना. कागद असता तर एका तारखेत संपलं असतं.

आता मी यात कुठं आले? तर वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार पक्षकार करावे लागतात, एक जरी राहिला तरी दावा त्याच कारणावरून पडू शकतो, म्हणून मी आणि माझी धाकटी बहीण प्रतिवादी क्रमांक ५ आणि ६. समन्स आलं तेव्हा मी चिंचवडला शाळेत नोकरीला होते, हेडमास्तरांना वाटलं मी कुणाचे पैसे बुडवलेत. भावाला फोन केला तर तो म्हणाला आक्का तू काही काळजी करू नकोस, नुसतं नाव आहे, वकील माझाच आहे तो तुझी पण सही घेईल. आमच्या बाजूचा वकील म्हणजे वादीचाच वकील! सुदैवाने नवऱ्याने अडवलं, म्हणाला या दाव्यात प्रतिवादी सुद्धा वादीच असतो, प्रत्येकाला आपापला हिस्सा मागता येतो, तू वेगळा वकील लाव. लावला. भाऊ वर्षभर बोलला नाही.

हिश्श्याचं गणित तुम्हाला मुद्दाम सांगते कारण लेखात "मुलींना समान हक्क आहे" एवढ्या एका ओळीत सगळं उरकलंय. वडील २००१ साली वारले. माझं लग्न १९८८ चं. महाराष्ट्राने मुलींना हक्क देणारी दुरुस्ती १९९४ लाच केली होती, केंद्राच्या आधी दहा-अकरा वर्षं, त्याचं आपण कौतुकही करतो, पण त्यात आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, म्हणजे मी बाहेर. मग केंद्राची दुरुस्ती आली, ९ सप्टेंबर २००५, त्यात लग्नाची अट गेली. पण २०१५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्या तारखेला वडील जिवंत पाहिजेत. आमचे नव्हते. त्यामुळे २०१६ ला खालच्या कोर्टाने निकाल दिला त्यात आमचा हिस्सा जुन्या पद्धतीने काढला. वडिलांच्या वाट्याची चार एकर, म्हणजे १६० गुंठे. त्याचे आधी चार भाग, वडील, आई आणि दोन भाऊ, आणि मग वडिलांच्या पाव भागाचे पाच वाटे, त्यातला एक मला. म्हणजे विसावा हिस्सा. ८ गुंठे.

त्यातही गंमत अशी की तुकडेबंदी कायद्यामुळे ८ गुंठे शेतजमीन म्हणून हातात मिळणं अवघडच, हल्ली जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र धरतात, त्याच्या खाली वाटा निघाला की जमिनीच्या ऐवजी पैसे घ्या म्हणायची सोय कायद्यातच आहे. माझा भाऊ तर तेच म्हणत होता, आक्का तुला काय शेती करायचीय का, पैसे घेऊन सही करून टाक. किती पैसे, तर त्याने सांगितलेला आकडा हायवेच्या आधीच्या भावाचा होता.

आम्ही बहिणींनी अपील केलं. अपील पडून राहिलं आणि पडून राहिलं तेच बरं झालं म्हणायचं, कारण ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा केसचा निकाल आला आणि सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की मुलीचा हक्क जन्माने आहे, २००५ ला वडील जिवंत असण्या-नसण्याशी संबंध नाही. आणि त्याच निकालात हेही की नुसती तोंडी वाटणी झाली होती असं म्हणून मुलीचा हक्क मारता येणार नाही, फार अपवादाने, सरकारी कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तरच मानायची. लॉकडाऊनमध्ये मी तो निकाल मोबाईलवर वाचायचा प्रयत्न केला, शंभरच्या वर पानं, इंग्रजी, निम्मं कळलं नाही, पण आमच्या वकिलांनी फोन करून सांगितलं मॅडम आता विसावा नाही, पाचवा. म्हणजे ८ गुंठ्यांचे ३२ झाले. मी होते तिथेच होते, जमीन होती तिथेच होती.

२०२१ ला अपिलाचा निकाल लागला. चुलत्यांची शाखा निम्मी, आमची निम्मी, आमच्यातले पाच समान वाटे, आई, दोन भाऊ, दोघी बहिणी. पेढे वाटले नाहीत पण मनातून हलकं वाटलं. वकिलांनी हुकूमनाम्याची नक्कल हातात दिली आणि म्हणाले, आता खरं काम सुरू.

संपादक साहेब, मी हे पत्र खरं तर इथून पुढच्या भागासाठी लिहितेय. बहुतेक लोकांना, शिकलेल्यांना सुद्धा, वाटतं की कोर्टाने निकाल दिला म्हणजे जमीन वाटली. तसं नसतं. कोर्ट फक्त सांगतं कुणाचा हिस्सा किती. सारा भरणाऱ्या शेतजमिनीचा प्रत्यक्ष तुकडा पाडून द्यायचं काम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरचं. ती संहिता १९०८ ची आहे, साहेबाच्या काळात सारा बुडू नये म्हणून ते काम कलेक्टरकडे ठेवलेलं, ते अजून तसंच. तर कोर्टातून हुकूमनामा कलेक्टर कचेरीत जातो, तिथून तहसीलला येतो, तहसीलमधून मोजणीसाठी भूमी अभिलेखला जातो, ते मोजणी करून वाटपाचा तक्ता करतात, तो परत तहसीलदारांकडे, सगळ्यांना नोटिसा, हरकती, सुनावणी, मग मंजुरी, मग मंडळ अधिकारी जागेवर जाऊन कब्जा देणार, मग फेरफार. घराचं आणि गावठाणातल्या जागेचं आणखी वेगळं, त्याला कोर्टाचाच कमिशनर लागतो आणि अंतिम हुकूमनामा वेगळा, त्याला स्टँप वेगळा. एकाच दाव्यातल्या शेताची आणि घराची फाईल दोन वेगळ्या वाटांनी जाते आणि या वाटांवर कुठंही मुदतीची पाटी नाही.

हुकूमनामा कोर्टातून बाहेर पडायलाच किती वेळ लागावा? कुणी सांगितलं अंमलबजावणीची दरखास्त टाका, कुणी म्हणालं नुसता अर्ज पुरे, कोर्टाने आपणहून पाठवायचा असतो. गेला एकदाचा. मग तहसीलला विचारायला गेलं की टेबलवरचे भाऊसाहेब रजिस्टर उघडून म्हणायचे अजून आवक नाही. आवक सापडली तर मोजणीला पाठवलंय. मोजणीवाल्यांकडे गेलं तर मोजणी फी कोण भरणार, वादी का सगळे मिळून, यावर पत्रव्यवहार चाललेला. माझा भाऊ म्हणतो मी एकट्याने का भरू, चुलतभाऊ म्हणतात आम्हाला वाटपच नकोय आम्ही का भरू, शेवटी बहिणीने आणि मी भरली. सगळ्यात कमी जमीन ज्यांना कसायची आहे त्यांनी.

मोजणीची तारीख लागली तेव्हा मी मुद्दाम गेले होते. भूकरमापक तरुण पोरगा होता, शिकलेला, हातात ते रोव्हर नावाचं उपग्रहावरून मोजणारं यंत्र, पूर्वीसारखी साखळी आणि टेबल नाही, दोन तासात काम उरकेन म्हणाला. ओढ्याकडचं मोजलं पटकन. माळावर गेलो तर चुलतभावाची बायको बागेच्या तोंडाला उभी. वहिनी म्हणाल्या, कालच जीएचं डिपिंग केलंय, घड वाढीच्या औषधात बुडवलेत, घडाला धक्का लागला तर भरपाई कोण देणार, लिहून द्या आणि आत जा. भूकरमापकाने समजावलं की ताई मी तारेखालून जातो, कशाला हात लावत नाही. त्या म्हणाल्या, हंगाम होऊ दे, एप्रिल छाटणी झाली की या, आम्ही कुठं पळून चाललोय. त्यांचा नवरा, म्हणजे आमचे आप्पा, लांब पंपाच्या खोलीपाशी पाठ करून उभे, एक शब्द बोलले नाहीत. माझा भाऊ ओरडायला लागला तसा भूकरमापकाने मोबाईलची वेळ बघितली, पंचनाम्यात हरकत असल्याने मोजणी अपूर्ण असं लिहिलं, आमच्या सह्या घेतल्या आणि मोटरसायकलला किक मारून पुढच्या गावाला गेला. त्याच्या यादीत त्या दिवशी आणखी दोन गावं होती. पोलीस बंदोबस्त मागता येतो म्हणाला जाताना. बंदोबस्ताची फी वेगळी.

आणि खरं सांगू का, त्या वेळी मला वहिनींचा राग आला नाही. ती बाग त्यांनी दगड फोडून उभी केलीय, कर्जाचा बोजा ७/१२ च्या इतर हक्कात त्यांच्या नावावर आहे, माझ्या भावाने त्यात एक टोपली शेणखत टाकलेलं नाही. कोर्टांचं म्हणणं सुद्धा साधारण असंच असतं की ज्याने ज्या भागात सुधारणा केली तो भाग जमेल तेवढा त्याच्याच वाट्याला द्यावा आणि बाकी पैशात भरून काढावं. पण हे ठरवणार कोण? वाटपाचा तक्ता करणारा माणूस क्षेत्र बघून रेघ मारतो, बाग कुणाची, विहीर कुणाची, पाणी पाळीने कसं घ्यायचं, वरच्याच्या शेतातून खालच्याला वाट कशी द्यायची, याला शांतपणे बसून विचार करायला ना त्याला वेळ ना अधिकार. म्हणून मग तक्ता झाला की त्याच्यावर अपील. प्रांताकडे, मग वर.

मधल्या काळात काय काय झालं ते ऐका. हायवेत माळाची पट्टी गेली, त्याची भरपाई मंजूर झाली, पण हिस्सेदारांत वाद आहे म्हटल्यावर पैसे कोर्टात जमा, अजून तिथंच. दुसऱ्या चुलतभावाने आपला अविभक्त हिस्सा एका प्लॉटिंगवाल्याला लिहून दिला, दावा चालू असताना, आता तो खरेदीदार दाव्याच्या निकालाला बांधील असतो हे खरं पण तो रोज जेसीबी घेऊन येऊन उभा राहतो त्याला कायद्याचं कलम काय करणार. राहत्या घरात असा तिऱ्हाईत घुसून वाटप मागायला लागला तर घरातल्या माणसाला कोर्टाने ठरवलेल्या किमतीत त्याचा हिस्सा विकत मागता येतो, १८९३ चा विभाजन कायदा आहे त्यासाठी, पण तो घरापुरता. शेतीच्या बाबतीत सख्ख्या वारसांना आधी विचारा असं वारसा कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे आणि ते शेतजमिनीलाही लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१९ ला सांगितलंय. ते मागायचं तर परत कोर्ट.

आणि २०२२ ला आई गेली. हुकूमनाम्यात आईचा पाचवा हिस्सा होता. आता तो आम्हा चौघांत, म्हणजे ३२ गुंठ्यांचे माझे ४० झाले, सरळ एक एकर. हे गणित पाचवीतलं पोरगं करेल. पण कागदावर? आईचे वारस लावा, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, नोटिसा. बरं, आम्ही चौघंच वारस आणि चौघंही त्याच फाईलमध्ये आधीपासून आहोत तरी फाईल तेवढ्यासाठी थांबली. असं दर दोन-चार वर्षांनी एखाद्या फांदीवर कुणीतरी जातंच.

बहीण माझी गोव्यात दिलीय, म्हापशाला. ती म्हणते आमच्याकडे इन्व्हेंटरी असते. पोर्तुगीज काळापासूनची पद्धत, आता त्यांचा २०१२ चा स्वतःचा कायदा आहे. माणूस वारला की घरातला एकजण कर्ता म्हणून शपथेवर सगळ्या मालमत्तेची यादी कोर्टात देतो, सगळे वारस हजर, आणि जी वस्तू तुकडे करून वाटता येत नाही तिच्यावर वारस आपापसात बोली लावतात, जो जास्त बोलेल त्याने ती घ्यायची आणि बाकीच्यांना त्यांच्या हिश्श्याचे पैसे द्यायचे. तिकडेही वर्षानुवर्षं लागतात असं तीच सांगते, फार नवल करायला नको. पण त्यात एक आहे, यादी, हिस्सा आणि वाटप सगळं एकाच ठिकाणी होतं. आमच्यासारखं कोर्टाने अपूर्णांक द्यायचा आणि रेघ मारायला दुसऱ्या खात्याकडे पाठवायचं असं नाही. तिच्या सासरच्या घराची बोली झाली तेव्हा दिराने घर घेतलं, नणंदांना पैसे मिळाले, आणि गणपतीला सगळे त्याच घरात जेवतात म्हणे.

आपल्याकडे सलोखा योजना आली २०२३ ला, तीही मी नीट वाचली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं बारा वर्षं असेल तर हजार रुपये मुद्रांक आणि हजार रुपये नोंदणी यात अदलाबदल करून घ्या. चांगली आहे. पण ती अदलाबदलीपुरती, आणि परत दोघांची संमती. सगळ्या योजना संमतीवाल्यांसाठी. ज्यांची संमती नाही त्यांच्यासाठी कोर्ट, आणि कोर्टाच्या निकालानंतर काय, तर काही नाही.

सुप्रीम कोर्टाला हे दिसत नाही असं नाही. २००९ सालीच त्यांनी म्हटलं होतं की प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे नुसते हिस्से ठरवणारा, झाला की दावा संपला असं समजू नका, तो पुढं तसाच चालू ठेवा. २०२२ च्या जूनमध्ये परत सांगितलं की वाटपाच्या दाव्यात खालच्या कोर्टाने अंतिम हुकूमनाम्यासाठी पक्षकाराच्या वेगळ्या अर्जाची वाट बघायची नाही, आपणहून तारीख लावायची. उत्तम. पण हे कोर्टाच्या हातातल्या भागाचं झालं. शेतजमिनीचं काम कलेक्टरकडे गेलं की कोर्टाची तारीख संपली, आणि मग कुणाचीच तारीख नाही.

आता मुद्द्यावर येते. मोबाईलवर ई-कोर्टचं ॲप आहे, त्यात आमचा दावा टाकला तर येतं "केस डिस्पोज्ड". निकाली. अपीलही निकाली. म्हणजे तुम्ही दरवर्षी पेपरात छापता की खालच्या कोर्टांत चार कोटींच्या वर केसेस पडून आहेत, त्या चार कोटींत आमची केस नाही! आम्ही सुटलो त्यातून. आणि महसूल खात्याच्या हिशोबात आम्ही दावा नाही, एक आवक क्रमांक आहोत. फेरफार किती दिवसांत झाला याची आकडेवारी निघते, ७/१२ किती ऑनलाईन झाले याची जाहिरात निघते, पण कोर्टाने वाटप करा म्हणून पाठवलेले हुकूमनामे तहसीलच्या कपाटात किती आहेत याचा आकडा मी आजपर्यंत कुठल्याही पेपरात बघितलेला नाही. कुणी मोजतच नसेल तर उशीर झाला हे तरी कुणाला कळणार. मंत्री म्हणणार फी माफ केली, न्यायाधीश म्हणणार निकाल दिला, दोघंही खरं बोलतात आणि माझ्या ७/१२ वर अजून "सामाईक क्षेत्र" आहे.

मला फार मोठं काही सुचवायचं नाही, मी निवृत्त शिक्षिका, वकील नाही. पण हुकूमनामा तहसीलला आला की त्याला नंबर द्या आणि तो नंबर ऑनलाईन दिसू दे, जसा फेरफाराचा दिसतो तसा. मोजणीला, तक्त्याला आणि कब्ज्याला मुदत घाला, नाही झालं तर का नाही झालं ते कोर्टाला कळवायचं बंधन घाला. मोजणीच्या दिवशी अडवणूक होणार हे ज्या फाईलमध्ये आधीच दिसतंय तिथं पहिल्याच तारखेला बंदोबस्त द्या, तीन हंगाम वाया घालवून नको. आणि बाग, विहीर, घर असलेल्या वाटपात मोजणीच्या आधी एक दिवस सगळ्यांना समोरासमोर बसवा, तालुक्याला विधी सेवा समिती असते, लोकअदालत भरते, तिथं दाव्याच्या आधीच्या तडजोडी होतात तशा निकालानंतरच्याही होऊ देत. आप्पांना बाग पाहिजे, भावाला रस्त्याकडचा तुकडा पाहिजे, मला ओढ्याकडचं चालेल, हे आम्ही सगळ्यांनी वेगवेगळ्या वकिलांना सांगितलंय, एकमेकांना एकदाही नाही.

बहिणींसाठी एक बाजूची सूचना, पत्र लांबलंय तरी. रक्षाबंधनाला नाहीतर दहाव्याच्या दिवशी स्टँपवर सही मागितली तर आधी वाचा. हक्कसोड पत्र रजिस्टर झाल्याशिवाय त्याला अर्थ नाही, नोटरीवर भागत नाही, आणि एकदा रजिस्टर झालं की परत फिरणं फार अवघड. द्यायचं असेल तर खुशीने द्या, मीही कदाचित देईन, पण ४० गुंठे देतेय हे मला माहीत असू दे. ८ समजून नको.

तर तुम्हाला विनंती. तुमचे वार्ताहर प्रत्येक तालुक्याला आहेत. माहिती अधिकाराचा एक अर्ज करायला दहा रुपये लागतात. प्रत्येक तहसीलला एवढंच विचारा, कलम ५४ खाली कोर्टाकडून वाटपासाठी आलेली किती प्रकरणं आज तुमच्याकडे आहेत, त्यातलं सगळ्यात जुनं कुठल्या सालचं, आणि मागच्या वर्षी किती जणांना प्रत्यक्ष कब्जा दिला. जे उत्तर येईल ते तालुक्याच्या नावासकट छापा. पहिला अर्ज आमच्या तालुक्यात करणार असाल तर दहा रुपये मी पाठवते.

आपली नम्र,
एक वाचक
(माहेर सांगली जिल्हा, सध्या मुक्काम चिंचवड)